मशीनखालची पाहुणी

मावशींच्या घरात कुत्र्याच्या पिल्लाला नाव ठेवायची बंदी होती. बंदी घालणाऱ्या त्याच आणि पाळणाऱ्याही त्याच. पिल्लू आलं की तो 'पाहुणा', मादी असली तर 'पाहुणी', एवढ्यावर भागायचं. "नाव ठेवलं की हाक मारावीशी वाटते, आणि हाकेला शेपूट हललं की माणूस कामातून गेलं," असं त्या सांगत. नाव ज्याच्या घरी जायचं त्यानं ठेवावं. आपण माप घ्यायचं, शिवून द्यायचं. घालून मिरवायचं ते गिऱ्हाइकानं.

मूळ धंदा शिवणाचा, म्हणून बोलण्यातही तेच. रस्त्याकडेची खोली, खिडकीशी पायानं चालवायचं मशीन, शेजारी कातरणांचं गाठोडं आणि भिंतीला उसवलेल्या, आखूड करायच्या, चेन बिघडलेल्या कपड्यांची रांग. मोटार बसवून घ्या, असं सगळे सांगत. मावशी म्हणत, "मोटार बसवली की पायांना काम नाही, आणि पायांना काम नसलं की डोकं भटकतं."

कुत्र्यांचं काम मात्र आपल्या पायांनी चालत आलं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई एकदा गावाला जाताना आपलं कुत्रं मावशींकडे ठेवून गेल्या. परत आल्या तर कुत्रं कागदावर जाऊन लघवी करत होतं आणि ताटापाशी बसून वाट पाहत होतं. "काय केलंत हो?" बाईंनी विचारलं. मावशी म्हणाल्या, "काही नाही. सांगितलं आणि थांबले." तेव्हापासून लोकांची लहान जातीची पिल्लं पहिल्या धड्यांसाठी मावशींकडे येऊ लागली. मोठ्या जाती त्या घेत नसत. मोठ्या कुत्र्याला अंगण लागतं, आणि त्यांच्याकडे होती एक खोली, एक स्वयंपाकघर आणि वन्सं.

वन्सं म्हणजे मावशींच्या नवऱ्याची थोरली बहीण. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. मागे राहिल्या या दोघी. एकीचा भाऊ, एकीचा नवरा, दोघींचं माणूस एकच, त्यामुळे वेगळं व्हायचं कधी कुणाच्या मनात आलं नाही. वन्संचे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती. खिडकीपाशी आरामखुर्ची टाकून त्या रस्त्यावर आणि भावजयीवर एकाच वेळी नजर ठेवत.

ती पाहुणी आली ती बुटांच्या खोक्यातून.

"सगळ्यात अशक्त आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिला कुणी घेत नाही. आठवडाभर ऊब द्या आणि नजरेसमोर ठेवा. जगली तर शिकवा, मग घर बघू."

"जात कुठली?" वन्संनी खुर्चीतूनच विचारलं.

"शित्झू."

"जात सांगितलीत का शिंकलात?"

मावशींनी खोक्यात पाहिलं. पांढऱ्या-तपकिरी केसांचा मुठीएवढा गोळा, त्यात दोन ओले डोळे. केसांमुळे तोंड कुठलं आणि पाठ कुठली ते हलल्याशिवाय कळत नव्हतं.

आता मावशींच्या शिकवण्यात दोन नियम पक्के होते. पहिला, पिल्लू मशीनजवळ आणायचं नाही. खाली सुया, टाचण्या, दोऱ्यांचे तुकडे. पिल्लू जे दिसेल ते तोंडात घालतं. पाहुण्यांची जागा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. दुसरा नियम त्याहून मोठा. पिल्लाला आपल्या घराचे आवाज शिकवायचे नाहीत, ते ज्या घरी जायचं त्या घराचे शिकवायचे. जायचं घर ठरलं की मावशी तिथल्या माणसांना खोदून खोदून विचारत. दाराची घंटा कशी वाजते, मिक्सर कधी लागतो, वरच्या मजल्यावर कुणी खुर्च्या सरकवतं का, आजोबा मोठ्यानं खोकतात का. मग तेच आवाज हळूहळू, खाऊच्या कणाबरोबर पिल्लाच्या कानावरून घालत. एका घरातले आजोबा तर रोज येऊन त्यांच्याकडे खोकून जात.

पण ते दिवस शाळा सुरू व्हायच्या आधीचे. गणवेशांचा ढीग छताला टेकलेला. स्वयंपाकघरात पिल्लाकडे बघायला जायचं तर काम थांबतं, आणि नाही जायचं तर जीव थाऱ्यावर राहत नाही. शेवटी मावशींनी मशीनखालची जमीन झाडली, लोहचुंबक फिरवून टाचण्या वेचल्या आणि पायडल नि भिंत यांच्या मधल्या जागेत वेताची टोपली ठेवली. टोपलीला जागा व्हावी म्हणून डावा पाय मागे ओढून घेतला आणि एका बाजूनं पायडल मारायला सुरुवात केली.

"आठवडाभरच," त्या वन्संना म्हणाल्या.

"मी कुठं काय म्हटलं?" वन्सं म्हणाल्या. त्या काही म्हणाल्या नाहीत म्हणजे बरंच म्हणाल्या, हे मावशींना ठाऊक होतं.

पिल्लू जगलं. आधी दूध चाटू लागलं, मग टोपलीच्या काठावर हनुवटी ठेवून बघू लागलं. मशीनची घरघर सुरू असली की डोळे मिटायचं. घरघर थांबली की मान वर. दोरा तुटला, बॉबिन संपली, गिऱ्हाईक आलं, की टोपलीतून मान वर आणि बारीकसं कुईं. मावशी पुन्हा पायडल मारायच्या आणि मान खाली जायची. आठवडा उलटला, गणवेश गेले, टोपली तिथंच राहिली. एका दुपारी वन्संनी चष्मा वर करून पाहिलं तर मशीन चालू, आणि सुईखाली कापडच नाही.

"काय शिवतेस गं? वारा?"

मावशींनी गडबडीनं कुणाचा तरी पायजमा ओढून सुईखाली घातला.

धडे सगळे रीतसर झाले. कागदावर जायचं पाहुणी पटकन शिकली. 'बस', 'ये', 'थांब' आलं. पंजे हातात घेऊ द्यायची, कान बघू द्यायची, कंगवा फिरवू द्यायची. या जातीचे केस वाढतच राहतात. रोज विंचरले नाहीत तर गुंता होतो आणि मग कातडी ओढली जाते. डोळ्यांवरचे केस वर घेऊन मावशी कातरणाच्या पट्टीनं बांधायच्या. ज्या दिवशी जे शिवायला असेल त्याची पट्टी, कधी गणवेशाची निळी, कधी कुणाच्या झग्याची लाल. एकटं राहायचंही शिकवलं. दार ओढून बाहेर जायचं, थोडं थांबून परत यायचं, येताना कौतुक करायचं नाही, जाताना निरोप घ्यायचा नाही. तोही धडा पाहुणीला आला. फक्त तेव्हा आत वन्सं खुर्चीतूनच हात लांबवून मशीनचं चाक फिरवत बसलेल्या असत, हे मावशींना फार उशिरा कळलं.

नाव ठेवलं नव्हतं. पण टोपली उचलताना ओठ हलायचे. काय म्हणायच्या ते वन्संनाही ऐकू आलं नाही.

तेवढ्यात पोस्टमनकाका आले.

काकांना सगळी आळी ओळखायची. अख्खी नोकरी त्यांनी सायकलवर केली आणि अख्खी नोकरी कुत्र्यांनी त्यांच्या पोटऱ्यांवर केली. त्यांच्या खाकी पँटींना मावशींनी इतक्या वेळा ठिगळं लावली होती की पोटऱ्यांपाशी मूळ कापड कमी आणि मावशींचं काम जास्त. तर असे हे काका निवृत्त झाल्यावर एके सकाळी दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, मला कुत्रं पाळायचंय."

वन्सं इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अहो, चावायचं राहिलंय असं एखादं उरलं का गावात?"

काका हसले नाहीत. वय त्यांचं जास्त, तरी ते मावशींना मावशीच म्हणत. टोपी हातात घेऊन ते स्टुलावर बसले. "ही गेल्यापासून घर ऐकू येतं हो मला," ते म्हणाले. "आयुष्यभर लोकांची दारं वाजवली. आतून कुणीतरी उठायचं, चपला घासत यायचं, 'आले आले' म्हणायचं. आता माझंच दार मी उघडतो तर आत कुणी उठत नाही. काहीतरी उठायला पाहिजे. लहानसं चालेल."

त्यांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. मावशींनी मशीन थांबवलं. खाली मान वर झाली असणार, पण काका समोर होते. मावशींनी टोपलीकडे पाहिलं नाही.

"कुठलं घ्यायचं ठरवलंत?"

"ते तुम्ही सांगा. भाची म्हणते पॉमेरियन घे."

"तुमच्या खालच्या मजल्यावर कोण राहतं?"

"रात्रपाळीवाली नर्स. दिवसा झोपते."

"मग पॉमेरियन नको. ते पान पडलं तरी भुंकतं. ती नर्स आधी तुम्हाला सुई टोचेल, मग त्याला."

"मग तो चपट्या नाकाचा? पग?"

"गुणी असतो. पण उन्हात धाप लागते आणि घोरतो फार."

"घोरण्याचं काही नाही," काका खाली बघत म्हणाले. "घोरण्याची सवय होती मला."

वन्संनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"जिने किती?" मावशींनी घाईनं विचारलं.

"दुसरा मजला."

"उचलून न्यावं लागेल. पगचं वजन वाढतं, तुमचे गुडघे बघा. आणि ते लांबलचक, डॅशहंड, ते नकोच. जिन्यावर त्याची पाठ धरते. तुम्हाला हवं लहान, गप्प, मांडीवरचं. एका माणसात रमणारं. दिवसभर पळवायला नको, फक्त रोज विंचरायला हवं. त्याला सवड आणि हात..." बोलता बोलता मावशी थांबल्या. आपण कुणाचं वर्णन करतोय ते त्यांच्या लक्षात आलं. तोंडातून शब्द बाहेर पडत होते आणि एकेक शब्द टोपलीपाशी जाऊन बसत होता.

"असं कुठं मिळेल?" काकांनी विचारलं.

खिडकीतून उजेड येत होता, रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत होतं. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. बघून सांगते, एवढं म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं.

उत्तर पाहुणीनंच दिलं. घरघर थांबून बराच वेळ झाला म्हणून ती टोपलीतून उतरली, निळी पट्टी बांधलेली शेंडी हलवत स्टुलापर्यंत गेली आणि काकांच्या पोटरीला नाक लावलं. काकांनी दोन्ही पाय झटकन वर स्टुलाच्या दांडीवर घेतले आणि मावशींकडे असं पाहिलं, की सोडवा. पाहुणी खाली बसली. 'बस' कुणी म्हटलंही नव्हतं. बसून वर बघत राहिली. काकांचा एक पाय हळूहळू खाली आला, मग दुसरा.

"कुत्र्यानं वास घेतला आणि चावलं नाही," काका म्हणाले, "हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा."

त्यानंतर काका रोज दुपारी शिकायला येऊ लागले. पिल्लापेक्षा त्यांनाच शिकवणं अवघड. ते पाहुणीला 'अहो, इकडे या' म्हणत. खाऊचा कण देताना हात इतक्या दुरून लांबवत, जणू फटीतून पत्र आत टाकताहेत. पण विंचरायला बसले की मात्र बोटं कशी मऊ. टपाल वेगळं करून करून हात सरावलेला. गुंता दिसला की ओढाओढ नाही, एकेक केस बाजूला. मावशी तिरप्या नजरेनं बघत. यांचा हात वाईट असता तर बरं झालं असतं, असं एकदा त्यांच्या मनात आलं आणि त्यांचा टाका चुकला.

घराचे आवाज मावशींनी विचारले होते. काकांनी बराच वेळ डोकं खाजवलं होतं. "घंटा आहे, पण वाजवत कुणी नाही. नळ गळतो थोडा. बाकी... नाहीच काही."

तो नळाचा थेंबसुद्धा मावशींनी वाटीत पाणी टाकून पाहुणीला ऐकवला. आपल्या पायाखालचा आवाज तेवढा राहून गेला.

मग एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी पाहुणी तपासली, ठणठणीत म्हणाल्या, आणि काका तिला टोपीत घालून घेऊन गेले. मावशींनी निरोप घेतला नाही. शिकवल्याप्रमाणेच. त्या कापड बेतत राहिल्या आणि बाही उलटी कापली.

संध्याकाळी देवाच्या फळीपुढे त्या हात जोडून उभ्या राहायच्या. मागणं कित्येक वर्षांचं एकच, सगळ्यांना सुखी ठेव. त्या संध्याकाळी ओठांनी तेच म्हटलं आणि मनानं म्हटलं, परत येऊ दे. देवाला दोन्ही ऐकू गेलं असणार. मावशींना त्याच्याकडे वर बघवेना.

काही दिवसांनी काका आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, हातात तीच टोपी आणि टोपीत पाहुणी. तिच्या शेंडीला पट्टी नव्हती, पण केस नीट विंचरलेले होते.

"मावशी, नाही रमत हो माझ्याकडे," ते दारातूनच म्हणाले. "खात नाही. रात्रभर दाराशी बसते. दिवसा डोळा लागला की दचकून उठते, आणि सगळ्या घरात काहीतरी शोधत फिरते. पलंगाखाली बघते, टेबलाखाली बघते. काय शोधते ते मला कळत नाही. मांडीवर घेतलं तर बसते, पण पाहुण्यासारखी. माझं चुकलंच. या वयात हट्ट केला. तुमच्याकडेच राहू दे तिला."

राहू दे. मावशींना जे हवं होतं ते असं दारातून आत आलं, तोंडानं मागायच्या आधीच हातावर ठेवल्यासारखं.

काकांनी टोपी खाली टेकवली. पाहुणी निघाली, ती कुणाकडेही न बघता सरळ मशीनखाली. टोपली अजून तिथंच होती. तिच्यात शिरून ती गोल फिरली आणि मान वर करून थांबली.

मावशी मशीनवर बसल्या. डावा पाय आपोआप मागे गेला. पायडल हललं, घरघर सुरू झाली आणि टोपलीतली मान खाली गेली. बघता बघता पाहुणी झोपली, पोट वर करून, चारी पाय सैल सोडून.

"अस्सं!" वन्सं म्हणाल्या. "हे शोधत होती ती. अगं, तू दुसऱ्यांना आवाज विचारत हिंडतेस आणि हिला आपल्याच घराचा लावून दिलास! तुझ्या हातून अशी चूक व्हायची नाही. चूक नव्हेच ही. तुला ती द्यायचीच नव्हती."

मावशींनी मुद्दाम केलं नव्हतं, एवढं त्या देवापुढे सांगू शकल्या असत्या. पण मनात नव्हतं, असं सांगता आलं नसतं.

काका अजून दारातच उभे होते. त्यांचं लक्ष या दोघींकडे नव्हतं. मान थोडी कलती करून ते ऐकत होते. मग भिंतीला हात टेकून हळूच स्टुलावर बसले.

"आमची ही अशीच मशीन चालवायची," ते म्हणाले. "मी फेरीवरून यायचो तर खालच्या पायरीपासून ऐकू यायचं. आवाज आला की समजायचं, घरात आहे."

मावशींचा पाय चालत होता.

"आहे अजून मशीन," काका म्हणाले. "चादर घालून ठेवलंय. वर औषधं, रेडिओ, वर्तमानपत्रं. हात लावला नाही मी. लावून करू काय?"

मावशींच्या हातात एका फ्रॉकची लांब शिलाई होती. त्यांनी ती मान न उचलता शेवटापर्यंत नेली. बोललं नाही तर कुणालाच काही कळणार नव्हतं. काका उठून जातील, पाहुणी राहील, उद्या लाल पट्टी बांधता येईल. आणि संध्याकाळी एकटा माणूस आपलं दार आपणच उघडेल. शिलाई संपली. त्यांनी दोरा तोडला, पण पाय लगेच थांबवला नाही. थोडा वेळ नुसताच चालू ठेवला. वन्संनी ते पाहिलं आणि वाऱ्याचं काही विचारलं नाही.

मग पाय थांबला.

"काका," मावशी म्हणाल्या, "मशीनला तेल कधी घातलं होतं?"

काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर, स्वच्छ आणि गप्प. नळ खरंच गळत होता. मशीन कोपऱ्यात होतं. काकांनी वरच्या वस्तू एकेक करून पलंगावर ठेवल्या आणि चादर मात्र मावशींकडे बघून तशीच राहू दिली. मावशींनी ती ओढली.

सुईशेजारच्या दाबाच्या पट्टीखाली कापड होतं. उशीचा अभ्रा, अर्धी कड शिवलेला. सुई कापडात रुतलेली, जशी शेवटची थांबली तशी.

"तसंच ठेवायचं का हे?" मावशींनी हळू विचारलं.

काकांनी अभ्र्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "नको. अर्धवट काम तिला आवडायचं नाही. रागवायची."

मावशींनी कुपीतून तेलाचे थेंब सोडले, चाक हातानं पुढेमागे केलं, चामडी पट्टा सैल झाला होता तो आखडून बसवला. मशीन आधी खाकरलं, मग चाललं. त्यांनी अभ्र्याची उरलेली कड शिवून पुरी केली, त्याच दोऱ्यानं. पाहुणी टोपीतून उतरली आणि मशीनखाली येऊन त्यांच्या पावलाशी आडवी झाली. अभ्रा घडी करून मावशींनी काकांच्या हातात दिला. काकांनी तो छातीशी धरला. मावशींनी दुसरीकडे पाहिलं.

सुई काढून त्यांनी डबीत ठेवली. "आता बसा. रिकामंच चालवायचं. कापड नको, दोरा नको."

काका बसले आणि जे पायडल मारू लागले, ते मशीन हादरायला लागलं. पाहुणी उठून मावशींच्या मागे गेली.

"काका, सायकल नव्हे ती! तार पोचवायची नाही कुणाला. दमानं. काकू कशा चालवायच्या ते आठवा की. खालच्या पायरीवरून ऐकल्यासारखं."

काकांनी डोळे मिटले. पाय मंद झाले. पाहुणीनं कान टवकारले, दोन पावलं पुढे टाकली आणि वळून मावशींकडे पाहिलं.

शिकवण्याचा शेवटचा धडा मावशींना चांगला ठाऊक होता. शिकवणाऱ्यानं नजरेआड व्हायचं. त्या काही न बोलता मागे सरकल्या, बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं.

आतून लगेच पंजे दारावर घासू लागले. कुईं, कुईं. मावशी जिन्याचा कठडा धरून उभ्या राहिल्या. मशीन अडखळलं, थांबलं. पंजे जोरात. उठू नका काका, त्यांनी मनात म्हटलं, तुम्ही उठलात तर मी आत येईन, आणि मी आत आले तर मग मला देता येणार नाही. मशीन पुन्हा सुरू झालं. सावकाश, थोडं लंगडत. पंजे घासत होते, मग थांबून थांबून घासू लागले. आतून काका काहीतरी म्हणत होते. 'अहो' नव्हे, 'अगं' असं काहीतरी. पुढे नाव होतं बहुतेक. मशीनच्या आवाजात ते नीट ऐकू आलं नाही आणि मावशींनी दाराला कान लावला नाही.

पंजे थांबले. त्या वाट पाहत राहिल्या, पुन्हा घासतील म्हणून. खालच्या मजल्यावरची नर्स दार किलकिलं करून बघून गेली. घरघर चालू होती. पंजे वाजले नाहीत.

मावशी जिना उतरल्या. खालच्या पायरीवर आल्यावर त्यांनी ऐकलं. हो, इथवर ऐकू येत होतं.

घरी वन्सं खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर लाल कापडाचं कातरण होतं, पट्टीसारखं कापलेलं. मावशींना रिकाम्या हातांनी येताना पाहून त्यांनी ते मुठीत दडवलं.

"तेलाची कुपी कुठाय?"

"राहिली तिकडेच."

"आणि ती?"

"तीही राहिली."

वन्संनी मूठ पदराखाली घेतली. मग म्हणाल्या, "नाव काय ठेवलंय?"

"विचारलं नाही."

मावशींनी देवाच्या फळीकडे एकदा पाहिलं. आज बघवलं. मग मशीनवर बसल्या, कुणाची तरी बाही घेतली आणि पायडल मारू लागल्या. डावा पाय मागे ओढलेला, एका बाजूनं, अंग चोरून.

"सरळ बस गं," वन्सं म्हणाल्या. "कंबर धरेल. खाली आता कोण आहे?"

"बसते," मावशी म्हणाल्या, आणि तशाच बसून राहिल्या.